चिंगी, दयाळाचं पिल्लू आणि दिवेलागणीची कडी

ताई, नमस्कार. आम्ही देवरुखजवळ एका वाडीत राहतो. जुनं कौलारू घर, भोवती आंबा-फणसाचं आवार. चार वर्षांपूर्वी गोठ्यात सापडलेलं मांजरीचं पिल्लू लेकीने हट्टाने ठेवून घेतलं, तीच आमची चिंगी. घर शाकाहारी आहे. चिंगी दूध-पोळी, दूध-भात खाते. उंदीर मारते म्हणून सगळ्यांची लाडकी होती. पण मे महिन्याच्या शेवटी आंब्याच्या ढोलीतलं दयाळ पक्ष्याचं पिल्लू पहिल्यांदा खाली उतरलं आणि माझ्या आठ वर्षांच्या लेकीच्या डोळ्यांदेखत चिंगीने ते धरलं. लेक ते घरटं रोज बघायची. तेव्हापासून ती चिंगीला हातही लावत नाही. सासूबाई म्हणतात, हे पाप घरात नको, पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून या. आमचे हे म्हणतात, मांजरच ते, शिकार करणारच, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. शेजारी म्हणतात, घंटा बांधा. मी तिला दोनदा मारलं. दुसऱ्याच दिवशी तिने मेलेला उंदीर आणून माझ्या पायाशी ठेवला. मला तिचा राग येतो आणि कीवही येते. पोटभर खायला देऊनही ती असं का करते? काय करू?
एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना ‘पोटभर खायला देऊनही’ या शब्दांपाशी मी अडले. तिथूनच सुरुवात करते, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे. चिंगीचं पोट भरतंय हे खरं. पण तिच्या शरीराला जे हवं ते दूध-पोळीत नाही.

मांजर मांसावाचून जगूच शकत नाही. कुत्रा पोळी-भातावर बऱ्यापैकी निभावून नेतो, मांजराला ते जमत नाही. टॉरिन नावाचा एक घटक मांसात आणि माशांत असतो, धान्यात-डाळीत नसतो. आपलं शरीर तो स्वतः बनवतं, मांजराचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही. तो कमी पडत गेला की डोळ्याच्या पडद्याची झीज होते, हृदयाचा स्नायू ढिला पडून हृदय मोठं होतं. अ जीवनसत्त्वाचंही तसंच. आपण गाजर-भोपळ्यातून ते मिळवतो, मांजराला ते प्राण्याच्या शरीरात तयार झालेलंच लागतं. दुधाबद्दल तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा गैरसमज आहे. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही. आवडीने पितात आणि मग पोट बिघडतं.

आता जे लिहिते आहे ते जरा कठोर वाटेल, पण तुम्हाला दोष द्यायचा म्हणून नाही लिहीत. चार वर्षं चिंगी तजेलदार राहिली ती तुमच्या दूध-पोळीवर राहिलेली नाही. ती राहिली तुमच्या आवारातल्या उंदरांवर, पालींवर, सापसुरळ्यांवर आणि पाखरांवर. तुमच्या घराने तिला माया दिली, जेवण तिने आपलं आपण मिळवलं. अर्ध्या महाराष्ट्रात मांजरं अशीच पाळली जातात, आणि पाखरू मेलं की त्याच मांजराला आपण कृतघ्न ठरवतो.

म्हणून पहिलं काम ताटलीपासून. तुमच्याकडे मासे शिजणार नाहीत हे मी धरून चालते, आणि तसा आग्रहही नाही. मांजरांचं कोरडं खाद्य पाकिटातून मिळतं, देवरुखला नाही मिळालं तर रत्नागिरीला किंवा टपालाने नक्की मिळेल. ते शिजवावं लागत नाही, स्वयंपाकघरात आणावंही लागत नाही. पडवीच्या एका कोपऱ्यात डबा, ताटली आणि पाण्याचं भांडं, सगळं वेगळं. पाकीट घेताना घटकांची यादी वाचा. पहिलं नाव मक्याचं किंवा गव्हाचं असेल तर ते ठेवून द्या, कोंबडी किंवा मासा पहिला असेल ते घ्या. कुत्र्याचं खाद्य स्वस्त पडतं म्हणून आणू नका, त्यात मांजराची गरज भागत नाही. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम पुरतं. ते एकदम ओतून न ठेवता चार-पाच वेळा थोडंथोडं द्या. बदल आठवड्याभरात हळूहळू करा, नाहीतर ती तोंड फिरवेल. शेजारी कुणाकडे मासे होत असतील तर काटे काढलेला, नुसता पाण्यात उकडलेला तुकडा अधूनमधून मागून घ्यायला हरकत नाही. मात्र त्यात मीठ-मसाला नको, आणि कांदा-लसूण अजिबात नको. कांदा-लसणाने मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

असं खायला दिलं की शिकार थांबेल का? थांबणार नाही. कमी होईल. भूक आणि शिकार या मांजराच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा नीट कळलं की तिच्यावरचा तुमचा निम्मा राग ओसरेल. एक घरगुती उंदीर म्हणजे जेमतेम तीस कॅलरी. चिंगीएवढ्या मांजराला दिवसाला दोनशे ते अडीचशे लागतात, म्हणजे सात-आठ उंदीर. आणि प्रत्येक झडप काही साधत नाही, बऱ्याचशा फुकट जातात. पोटात कावळे ओरडायला लागल्यावर शिकारीला निघायचं ठरवलं असतं तर मांजराची जात कधीच संपली असती. म्हणून निसर्गाने तिला असं घडवलंय की हलणारं, फडफडणारं, सुळकन पळणारं काही दिसलं की पोट भरलेलं असो वा नसो, शरीर आपोआप दबा धरतं. सत्तरच्या दशकात एका संशोधकाने मांजरांना त्यांचं आवडतं खाणं दिलं आणि खाता खाता समोर उंदीर सोडला. मांजरांनी ताटली सोडली, उंदीर मारला आणि परत येऊन ताटलीतलंच खाणं पुढे चालू केलं. त्या पिल्लाच्या बाबतीत चिंगीने असं काही ठरवून केलेलं नाही. ते जमिनीवर फडफडलं, तिचं शरीर हललं, एवढंच घडलं.

इथे मला घरातल्या सगळ्यांशी थोडं बोलायचं आहे. कोठीतला उंदीर मारला की शाबास चिंगी, आणि दयाळाचं पिल्लू मारलं की पापी चिंगी. हा भेद आपला आहे. तो चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. मलाही दयाळ हवा असतो आणि उंदीर नको असतो. पहाटे आंब्याच्या शेंड्यावर बसून तो शीळ घालतो तेव्हा उठावंसं वाटतं. पण हा भेद तिला कळावा अशी अपेक्षा धरून तिला मारणं हा अन्याय आहे. जवळजवळ दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस धान्य साठवू लागला, त्या धान्यावर उंदीर आले आणि उंदरांच्या मागे रानमांजर आलं. माणसाने तिला हाकललं नाही ते तिच्या या गुणासाठीच. गाईला दुधासाठी, बैलाला ओढकामासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवलं. मांजराला घडवायची गरजच पडली नाही, ती आली तशीच उपयोगी होती आणि अजून बरीचशी तशीच आहे.

मारण्याबद्दल माझा अनुभव सांगते. मी साताऱ्याला असताना दारातल्या जास्वंदीवर शिंप्याने दोन पानं शिवून घरटं केलं होतं. पिल्लं अंगठ्याएवढी झाली होती. आमच्या बनी मांजरीने एका दुपारी दोन्ही संपवली. मी रागाच्या भरात तिला केरसुणीने बडवलं. तीन दिवस ती कपाटाखालून बाहेर आली नाही. चौथ्या दिवशी जेवली, आठव्या दिवशी शेजारच्या कुंपणामागे मला पुन्हा पिसं दिसली. मार खाऊन ती एवढंच शिकली होती की माझ्यापासून लांब राहायचं. शिकार थांबली नाही, माझ्या नजरेआड गेली, आणि मी जवळ गेले की अंग चोरायची तिची सवय मरेपर्यंत गेली नाही. ते मला अजून टोचतं. तुम्ही दोनदा मारलंत, तिसऱ्यांदा मारू नका.

मग तिने उंदीर पायाशी का ठेवला? बरेच लोक सांगतील की ती भेट होती, माफी होती, किंवा ती तुम्हाला शिकार शिकवते आहे. गोड कल्पना आहेत, पण त्यांना पक्का आधार नाही. मांजर शिकार उचलून सुरक्षित जागी आणतं, निवांत खाता यावं म्हणून. चिंगीला सुरक्षित वाटणारी जागा म्हणजे तुमचं घर, आणि घरात तुम्ही. दोनदा मार खाऊनही तिला तसं वाटतं यातच काय ते समजा. अशा वेळी ओरडायचं नाही आणि शाबासकीही द्यायची नाही. तिला उचलून दुसऱ्या खोलीत ठेवा, हातात प्लास्टिकची पिशवी घालून उंदीर उचला, लांब खोल पुरा, मग साबणाने हात धुवा. पावसात हे फार काटेकोरपणे पाळा. लेप्टोचा ताप उंदरांच्या मुतातून पसरतो हे तुमच्याकडे कुणाला सांगायला नको.

सासूबाईंच्या पोत्याकडे येते. त्यांच्या मनातली कळ मला खोटी वाटत नाही. ज्या घरात अंडंसुद्धा येत नाही तिथे पडवीत रक्त सांडलेलं बघणं सोपं नाही. पण मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं असं ज्या आज्यांनी आपल्याला सांगितलं, त्याच पिढीने पोत्यात घालून सोडून यायची ही पळवाट काढली. चार वर्षं एकाच आवारात राहिलेल्या मांजराला नदीपलीकडचं काहीच ठाऊक नसतं. तिथे दुसऱ्या मांजरांचा इलाका असतो, कुत्री असतात, रस्ता असतो. काही मांजरं घराच्या ओढीने परत निघतात आणि वाटेतच संपतात. प्राण्याला उपाशी-तहानलेलं मरायला असं सोडून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. आणि सासूबाईंना एवढं नक्की सांगा की नदीपलीकडेही दयाळ आहेत. पाप तिकडे नेऊन टाकल्याने कमी होत नाही. शिवाय तुमचं आवार रिकामं झालं की चार दिवसांत दुसरा एखादा बोका तिथे येईल, त्याच्यावर तर तुमचा काहीच ताबा नसेल.

तुमच्या यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. शिकार ती करणारच. पण म्हणून आपण काहीच करायचं नाही हे पुढचं पाऊल मला मान्य नाही. दयाळाच्या जोडीने वर्षभरात वाढवलेली पिल्लं ती किती! त्यांतलं एक आपल्या पाळीव प्राण्याने नेलं, ज्याला आपण आसरा दिला, आजारपणात जपलं. रानातल्या शिकाऱ्याला यातलं काही मिळत नाही, त्याची संख्या भक्ष्य मिळेल तशी कमी-जास्त होते. पाळलेल्या मांजराची होत नाही. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो असं आपण म्हणतो, तो खेळ आपल्या अंगणात चालू असेल तर आपली जबाबदारी येतेच.

आता घंटा. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २१९ घरांमधल्या ३५५ मांजरांवर केलेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. मांजरांनी घरी आणलेल्या शिकारीची नोंद घरच्यांनी ठेवली. घंटेने काही म्हणण्यासारखा फरक पडला नाही. त्याआधीच्या काही पाहण्यांमध्ये घंटेने शिकार घटलेली दिसली होती, म्हणजे ती अगदीच निरुपयोगी आहे असंही नाही. पण तुमच्या प्रसंगात तिचा काय उपयोग झाला असता ते बघा. ज्या पिल्लाला अजून उडता येत नाही त्याला घंटा ऐकू आली काय आणि न आली काय. त्याच अभ्यासात भरपूर मांस असलेलं, धान्य नसलेलं खाणं दिल्यावर घरी येणारी शिकार ३६ टक्क्यांनी कमी झाली आणि रोज पाच-दहा मिनिटं मांजराशी खेळल्याने २५ टक्क्यांनी. गळ्यातल्या पट्ट्यावर भडक रंगीत कापडाची झालर लावली तेव्हा पक्ष्यांची शिकार ४२ टक्क्यांनी घटली, कारण पक्ष्यांना रंग फार छान दिसतात. उंदरांना ती झालर विशेष कळत नाही, तेव्हा तुमच्या यजमानांची भाताची कोठी सुरक्षित राहील. आणखी एक गोष्ट त्यात निघाली जी मला अनपेक्षित होती. खाद्य कोड्यासारखं उलगडून काढावं लागतं असे डबे मिळतात, ते दिलेल्या मांजरांची शिकार उलट ३३ टक्क्यांनी वाढली. तेव्हा कुणी तसा डबा सुचवला तर सध्या नको म्हणा.

झालर घरी शिवता येईल. लाल-पिवळ्या सुती कापडाची, दोन बोटं रुंद चुण्यांची पट्टी करा. पण ज्या पट्ट्यावर ती बसवाल तो ओढ बसताच सुटणारा हवा. साधा बकलचा पट्टा फांदीत अडकला तर मांजर लटकतं. सुटणारा पट्टा मिळेपर्यंत झालर लावू नका.

हे सगळं खरं असलं तरी तुमच्या घरासाठी मला सर्वांत मोलाची वाटते ती दाराची कडी. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत चपळ असतं. पहाटेच पाखरं खाली उतरून किडे टिपतात, तिन्हीसांजेला ती झोपायच्या जागी परततात. म्हणून दिवेलागणीला चिंगीला घरात घ्या, कडी लावा आणि सकाळी ऊन चांगलं वर आल्याशिवाय सोडू नका. आधी संध्याकाळचं मुख्य जेवण घरातच, ठरल्या वेळी, डबा वाजवून द्यायला लागा. आठ-दहा दिवसांत ती डब्याच्या आवाजाने आपणहून येईल. सुरुवातीला रात्री दारापाशी ओरडेल, ओरखडेल. दोन-तीन रात्री कळ काढा. एकदा दार उघडलंत की ओरडल्यावर दार उघडतं हे ती कायमचं शिकेल. एका घमेल्यात वाळू किंवा माती घालून न्हाणीघराजवळ ठेवा आणि रोज सकाळी साफ करा. घरात कुणी गरोदर असेल तर ते काम तिने करू नये, कारण शिकार खाणाऱ्या मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा या सूक्ष्म परजीवीची लागण होऊ शकते.

रात्री घरात कोंडलेली चिंगी माजघरात, कोठीच्या खोलीत, माळ्यावर फिरेल आणि तिथले उंदीर तिचेच. रात्री बाहेर फिरणाऱ्या मांजराची गाठ तुमच्या भागात फुरशाशी, मण्यारीशी, घोणसाशी पडते आणि सापाला पंजा मारायची खोड बहुतेक मांजरांना असते. ती जोखीमही या कडीने बरीच टळेल. एक अट मात्र पक्की. घरात किंवा आवारात उंदरांचं औषध टाकायचं नाही आणि चिकट पुठ्ठे ठेवायचे नाहीत. औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, मंद होतो, आणि मंद झालेला उंदीरच मांजर आधी पकडतं. रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम दोन-चार दिवसांनी दिसतो. हिरड्या पांढऱ्या पडतात, मांजर गळून जातं, धाप लागते. असं दिसलं तर रात्र काढू नका, पशुवैद्यकाकडे न्या. वेळेत के जीवनसत्त्वाचे उपचार मिळाले तर ते वाचू शकतं.

वर्षातून काही दिवस मात्र दिवसासुद्धा तिला आत ठेवावं लागेल. दयाळ, बुलबुल, शिंपी, शिंजीर यांच्यातल्या बऱ्याच जणांची वीण उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत चालते. दयाळाची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर साधारण दोन आठवड्यांत ढोलीबाहेर येतात आणि पुढचे काही दिवस धड उडू शकत नाहीत. जमिनीवर, खालच्या फांद्यांवर धडपडतात, आईबाप तिथेच येऊन भरवतात. तुमच्याकडे जे घडलं ते या दिवसांतलं. तेवढे दिवस चिंगी घरात राहिली तर खूप काही वाचेल. अशी पिल्लं दिसली की माणसंही चुकतात, ‘पडलं बिचारं’ म्हणून उचलून घरात आणतात. त्याला तिथेच राहू द्यावं, फार तर जवळच्या झुडपात वर ठेवावं आणि मांजराला आत घ्यावं.

मांजराच्या तोंडून सुटलेलं पाखरू मात्र वेगळं. वरून जखम दिसली नाही तरी दातांचं बारीक भोक असतं आणि मांजराच्या लाळेतल्या जंतूंनी पक्षी एक-दोन दिवसांत दगावतो. त्याला हवेची भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, उबेला ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा किंवा पशुवैद्यकाकडे न्या, कारण त्याला प्रतिजैविक लागेल.

चिंगीचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालंय का, हे तुमच्या पत्रात नाही. झालं नसेल तर करून घ्या. त्याने शिकारीची वृत्ती जात नाही, पण भटकणं कमी होतं, आणि पिल्लं असलेली मांजरी जितकी शिकार करते तितकी एरवी करत नाही. रेबीजची लस आणि दर तीन महिन्यांनी जंताचं औषध हेही चुकवू नका. उंदरांतून पट्टकृमी आणि पालींतून यकृतातले कृमी मांजरात येतात.

आता लेकीबद्दल. पत्राचा खरा सल तिथेच आहे असं मला वाटलं.

तिला ‘अगं, मांजरंच ती, असं करतातच’ असं सांगून गप्प करू नका. ती आठ वर्षांची आहे, तिने एक घरटं महिनाभर डोळ्यांत जपलं होतं. तिचा राग खरा आहे आणि तो दयाळाच्या बाजूने आहे, हे किती चांगलं! तो तिला पुरेसा करू द्या. चिंगीला हात लाव, माफ कर असा आग्रह नको. पण एक खोटं तिच्या मनात राहू देऊ नका, की चिंगी दुष्ट आहे. तिला सांगा की चिंगीला भात खाऊन जगता येत नाही, तिचं शरीरच तसं आहे, आणि आपण मोठ्यांनी ते समजून घेतलं नव्हतं. पिल्लू खाली उतरलं त्या दिवशी चिंगीला घरात ठेवायचं आपल्याला सुचलं नाही, ती चूक आपली. आईच्या तोंडून हे ऐकणं लेकीला जड जाणार नाही. उलट ‘मी बघत होते आणि मी वाचवलं नाही’ असं काही तिच्या मनात बसलं असेल तर ते उतरेल. मुलं असं मनात ठेवतात आणि बोलत नाहीत. विचारून बघा, पण एकदाच, आणि ती बोलेपर्यंत थांबा.

मग तिला काम द्या. घरट्यांची वही तिची. कुठल्या झाडावर कोण, कधी काडी नेली, कधी चोचीत अळी घेऊन गेला, हे ती खिडकीतून बघून लिहील. घरट्याजवळ जायचं नाही, हात लावायचा नाही. पिल्लं उतरायच्या बेतात दिसली की चिंगीला आत ठेवायचा हुकूम तिचा, आणि तो सासूबाईंसकट सगळ्यांनी पाळायचा.

दुसरं काम तिला हवं वाटेल तेव्हा. तिच्या हाताएवढ्या काठीला सुतळी बांधा आणि टोकाला नारळाच्या शेंडीचा झुपका. तो झुपका चिंगीच्या तोंडाकडे नाचवायचा नाही. उंदीर कधी मांजराकडे धावत येतो का? तो लांब पळवायचा, खांबामागे दडवायचा, जरा थांबवायचा, पुन्हा सरकवायचा. चिंगी बूड हलवत दबा धरेल, झेप घेईल. दर तीन-चार झेपांत एकदा तिला तो खरोखर पकडू द्यायचा, दातात धरू द्यायचा. संध्याकाळी दहा मिनिटं हा खेळ, लगेच जेवण आणि मग कडी. शोधणं, दबा, झेप, पकड, खाणं ही सगळी साखळी पुरी झाली की मांजर अंग चाटून झोपतं. भिंतीवर लाल ठिपका नाचवायचा दिवा मिळतो, तो आणू नका, त्यात हाती काही लागतच नाही आणि मांजर चिडचिडं होतं. खेळ संपला की सुतळी उचलून ठेवायची, गिळली तर आतड्यात अडकते.

हा खेळ कदाचित आधी तुम्हालाच सुरू करावा लागेल आणि लेक पडवीच्या पायरीवर बसून नुसती बघेल. बघू द्या.

राहिली ती आंब्याची ढोली. दयाळाची वीण जुलैपर्यंत चालते आणि एक खेप बिघडली तर पुष्कळ पक्षी त्याच मोसमात पुन्हा अंडी घालून बघतात. म्हणून हे काम या आठवड्यातच करा. उंदीर चढू नयेत म्हणून माडाला पत्रा लावतात, तसाच दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा आंब्याच्या बुंध्याला जमिनीपासून पाच-सहा फुटांवर गुंडाळा. जवळच्या कौलावरून किंवा दुसऱ्या झाडावरून चिंगीला उडी मारता येईल अशी फांदी असेल तर ती आता छाटू नका, पाखरं बिथरतील, पावसाळा सरल्यावर बघू. पत्रा खिळ्यांनी ठोकू नका, तारेने बांधा आणि तार थोडी सैल ठेवा, बुंधा वाढतो.